मॅक्लारेन एफ१ आणि बुगाटी वेरॉन : वेगाच्या दोन उलट वाटा

जर्मनीतील एऱ्हा-लेसियन येथे फोक्सवॅगन समूहाचा चाचणीमार्ग आहे आणि त्यावर जवळपास नऊ किलोमीटर लांबीचा सरळ पट्टा आहे. शीतयुद्धाच्या काळात पूर्व जर्मनीच्या सीमेलगत, विमानांना बंदी असलेल्या टापूत तो उभारला गेला, त्यामुळे तेथे काय चालले आहे हे आकाशातून पाहणे कोणाला शक्य नव्हते. ३१ मार्च १९९८ रोजी याच पट्ट्यावर अँडी वॉलेस या चालकाने मॅक्लारेन एफ१ ही ब्रिटिश गाडी ताशी ३८६.४ किलोमीटर वेगाने पळवली. सात वर्षांनी, एप्रिल २००५ मध्ये, बुगाटी वेरॉन ही फ्रान्समध्ये तयार होणारी गाडी त्याच पट्ट्यावर ताशी ४०० किलोमीटरच्या पलीकडे गेली. मधल्या काळात, फेब्रुवारी २००५ मध्ये, स्वीडनच्या कोनिगसेग सीसीआर या गाडीने इटलीतील नार्दो येथे एफ१ ला निसटते मागे टाकले होते, ही नोंद करायला हवी. मात्र लोक आजही एफ१ आणि वेरॉन यांचीच तुलना करतात, आणि त्यामागे कारण आहे. दोघींना एकच प्रश्न सोडवायचा होता आणि दोघींनी तो परस्परांच्या नेमक्या उलट दिशेने सोडवला. एकीने गाडीतून शक्य तेवढे काढून टाकले, तर दुसरीने गरज पडेल तेवढे घालत नेले.

दोघींची जन्मकथा पाहिली की ही उलट दिशा कोठून आली ते कळते. १९८८ च्या फॉर्म्युला वन मोसमात मॅक्लारेन संघाने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. हुकलेली एकमेव शर्यत इटलीतील मोंझाची होती. त्या शर्यतीनंतर मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाची वाट पाहत बसलेल्या संघाच्या प्रमुखांमध्ये रस्त्यावर चालवण्याजोगी गाडी बनवण्याची चर्चा झाली. रॉन डेनिस, मन्सूर ओज्जेह, क्रायटन ब्राउन आणि मुख्य रचनाकार गॉर्डन मरे हे तेव्हा तेथे होते. मरे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, आणि वजनाबद्दल त्यांचा आग्रह हट्टाच्या जवळ जाणारा होता. शर्यतीच्या गाडीत दहा ग्रॅम वाचवण्यासाठी झटणाऱ्या माणसाने रस्त्यावरची गाडी आखली, तर ती कशी होईल याचे उत्तर म्हणजे एफ१.

वेरॉनची सुरुवात मात्र एका इंजिनाच्या कल्पनेतून झाली. फोक्सवॅगन समूहाचे प्रमुख फर्डिनांड पीएख यांनी १९९७ मध्ये जपानच्या शिंकान्सेन रेल्वेत बसून अठरा सिलिंडरांच्या इंजिनाचे रेखाटन एका लिफाफ्यावर केले, असे सांगितले जाते. पुढच्या वर्षी समूहाने बुगाटी या जुन्या नावाचे हक्क विकत घेतले. इंजिनाचे सिलिंडर अठरावरून सोळावर आले, पण अटी कडकच राहिल्या. गाडीची शक्ती हजार अश्वशक्तीच्या वर हवी, वेग ताशी ४०० किलोमीटरच्या वर हवा, थांबलेल्या स्थितीतून ताशी १०० किलोमीटर वेग तीन सेकंदांच्या आत गाठायला हवा, आणि एवढे सगळे करून त्याच गाडीतून संध्याकाळी नटूनथटून ऑपेराला जाता यायला हवे. खरी अडचण या शेवटच्या अटीत होती. पहिल्या तीन अटी पूर्ण करणारे यंत्र बनवता येते, पण ते तापट, गोंगाट करणारे आणि चालकाला थकवणारे होते, आणि तसे ते चालणार नव्हते.

या दोन गाड्यांवर देशांची लेबले लावताना थोडे जपून राहिलेले बरे. एफ१ इंग्लंडमधील वोकिंग येथे बनली, पण कंपनीचे संस्थापक ब्रूस मॅक्लारेन न्यूझीलंडचे होते, रचनाकार दक्षिण आफ्रिकेचा आणि इंजिन जर्मनीच्या बीएमडब्ल्यूचे. वेरॉन फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे जोडली जात असे, पण मालक जर्मन होते. आणि मूळ बुगाटी कंपनी १९०९ मध्ये एत्तोरे बुगाटी या मिलानमध्ये जन्मलेल्या माणसाने स्थापली तेव्हा मोल्सहाइम जर्मनीच्या अमलाखाली होते.

आता आकड्यांकडे वळू. एफ१ चे इंजिन ६.१ लिटरचे, व्ही आकारात बसवलेल्या बारा सिलिंडरांचे, ६२७ अश्वशक्तीचे. गाडीचे वजन सुमारे १,१३८ किलो. वेरॉनचे इंजिन आठ लिटरचे, सोळा सिलिंडरांचे, चार टर्बोचार्जर (हवा दाबून इंजिनात भरणारे पंखे) लावलेले, १,००१ अश्वशक्तीचे. वजन १,८८८ किलो. शक्तीला वजनाने भागले तर गंमत दिसते. एफ१ ला दर टनामागे सुमारे ५५० अश्वशक्ती मिळते आणि वेरॉनला सुमारे ५३०. म्हणजे जवळपास पावणेचारशे अश्वशक्ती अधिक असूनही या एका कसोटीवर तेरा वर्षांनी धाकटी गाडी थोरलीच्या किंचित मागेच राहते. तरीही शून्यापासून ताशी १०० किलोमीटर गाठायला एफ१ ला ३.२ सेकंद लागतात आणि वेरॉनला २.५, ताशी ३०० किलोमीटरला पोहोचायला वेरॉनला १६.७ सेकंद पुरतात, तर एफ१ ला सुमारे २२ सेकंद लागतात. वजनाच्या प्रमाणात शक्ती जवळपास सारखी असताना एवढा फरक कसा पडतो, हे समजले की या दोन गाड्यांची निम्मी ओळख होते.

पहिला फरक रस्त्यावरच्या पकडीचा आहे. इंजिन कितीही दांडगे असले तरी गाडीला पुढे ढकलणारे बल शेवटी टायर आणि डांबर यांच्यातील घर्षणातून येते, आणि ते घर्षण त्या चाकावर किती भार आहे यावर अवलंबून असते. एफ१ मध्ये शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. पुढच्या चाकांवर असलेला गाडीचा भार गती वाढवण्याच्या दृष्टीने वाया जातो, आणि चालकाने पाय जोरात दाबला तर मागची चाके जागच्या जागी घसरत फिरतात. वेरॉन चारही चाकांना शक्ती देते, त्यामुळे तिचा सगळा भार पकडीच्या कामी येतो. अडीच सेकंदांत ताशी १०० किलोमीटर म्हणजे दर सेकंदाला सेकंदी सुमारे ११ मीटरची वेगवाढ. उंचावरून सोडलेला दगड खाली येताना त्याचा वेग सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद या दराने वाढतो. थोडक्यात, सुरुवातीच्या त्या क्षणांत वेरॉन आडव्या रस्त्यावर, खाली पडणाऱ्या दगडापेक्षाही झपाट्याने वेग घेते.

दुसरा फरक गिअर बदलण्याचा. एफ१ ला सहा गिअरांचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स आहे. प्रत्येक वेळी चालक क्लच दाबतो, दांडा हलवतो, क्लच सोडतो, आणि तेवढा वेळ चाकांना काहीच शक्ती मिळत नाही. वेरॉनच्या सात गिअरांच्या गिअरबॉक्सला दोन क्लच आहेत. एका क्लचवर चालू गिअर असतो, दुसऱ्यावर पुढचा गिअर आधीच गुंतवून ठेवलेला असतो. बदलायची वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा धरतो, त्यामुळे ढकलणे जवळपास अखंड चालू राहते. १,२५० न्यूटन-मीटर एवढा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा पीळ, पेलणारा असा गिअरबॉक्स तोवर रस्त्यावरच्या कोणत्याही गाडीत नव्हता. माझ्या मते या गाडीतील सर्वांत अवघड काम इंजिनाचे नसून हेच होते, पण सोळा सिलिंडरांचे इंजिन मिरवता येते आणि गिअरबॉक्स झाकलेला राहतो, त्यामुळे कौतुक भलत्याच्याच वाट्याला जाते.

तिसरा फरक इंजिनाच्या स्वभावाचा. इंजिनाची शक्ती म्हणजे ते ठरावीक वेळात किती इंधन जाळू शकते याचा हिशेब, आणि इंधन जाळायला हवा लागते. एफ१ चे इंजिन हवा स्वतःच्या श्वासाने आत ओढते. बीएमडब्ल्यूचे इंजिन-रचनाकार पाउल रोशे आणि मरे यांची ओळख ब्रॅबम या फॉर्म्युला वन संघापासूनची होती, आणि १९८३ मध्ये रोशे यांच्याच टर्बो इंजिनावर त्या संघाच्या नेल्सन पिके यांनी जगज्जेतेपद मिळवले होते. टर्बोचा फायदा आणि त्रास दोन्ही जवळून पाहिलेल्या मरे यांनी आपल्या गाडीसाठी टर्बो नाकारला. त्यांनी आधी होंडाला इंजिन मागितले होते. होंडाने नकार दिल्यावर ते रोशे यांच्याकडे गेले. मागणी ५५० अश्वशक्ती आणि २५० किलो वजनाची होती. हाती आले ते इंजिन मागणीपेक्षा १६ किलो जड होते, पण शक्ती ७७ अश्वशक्तीने जास्त होती, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही. टर्बो नसल्याचा लाभ असा की पाय दाबताच इंजिन उत्तर देते, आणि दाब जेवढा तेवढेच उत्तर देते.

टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरणारा पंखा आणि त्याच दांड्यावर बसवलेला दुसरा पंखा, जो बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतो. वाया जाणाऱ्या वायूंकडून काम करून घेण्याची ही युक्ती आहे. तिचा दोष असा की पंख्याला गती यायला क्षणभर लागतो, आणि पंखा जेवढा मोठा तेवढा हा क्षण लांबतो. वेरॉनमध्ये एका मोठ्या टर्बोऐवजी चार लहान टर्बो आहेत ते यासाठीच. त्यामुळे इंजिन मिनिटाला २,२०० फेऱ्यांपासून ५,५०० फेऱ्यांपर्यंत आपला पूर्ण टॉर्क देत राहते. एफ१ ची कमाल शक्ती फेऱ्या चढवल्यावरच हाती येते. वेरॉनकडे ती कोणत्याही गिअरमध्ये, जणू वाट पाहत उभी असते. कागदावरचा शक्ती-वजनाचा भागाकार फक्त कमाल शक्ती मोजतो, तर प्रत्यक्ष धावण्यात सरासरी शक्ती मोजली जाते.

येथपर्यंतचा हिशेब वेग वाढवण्याचा झाला. कमाल वेगाचा हिशेब अगदी वेगळा आहे, कारण गाडी एकसारख्या वेगाने धावत असताना तिचे वजन जवळपास बिनमहत्त्वाचे ठरते. तेथे अडवणारी गोष्ट हवा असते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आणि तो विरोध दुप्पट वेगाने मागे सारायचा असल्यामुळे लागणारी शक्ती आठपट होते. ढोबळ हिशेब केला तर ताशी १०० किलोमीटरने जाताना हवा कापायला एफ१ ला दहाएक अश्वशक्ती पुरते. ताशी ३८६ किलोमीटरला तीच गरज साडेपाचशेच्या पुढे जाते. उरलेली शक्ती टायरांचे रोधन आणि यंत्रातील घर्षण खाऊन टाकते, आणि जेथे शिल्लक शून्य होते तेथे वेग थांबतो.

या हिशेबाने पाहिले तर एफ१ च्या ३८६ वरून वेरॉनच्या कमाल ४०७ वर जाण्यासाठी सुमारे १७ टक्के अधिक शक्ती लागायला हवी, म्हणजे ७३५ अश्वशक्तीच्या आसपास. मग वेरॉनला १,००१ का लागली? शक्तीचे ओझे स्वतःच आणखी ओझे मागते, हे त्याचे उत्तर आहे. इंजिन इंधनातील ऊर्जेचा लहान भागच चाकांकडे पाठवते. त्याहून मोठा भाग उष्णता होऊन बसतो आणि ती उष्णता बाहेर टाकावी लागते. वेरॉनमध्ये त्यासाठी दहा रेडिएटर आहेत. इंजिनाचे पाणी, टर्बोने दाबल्यामुळे तापलेली हवा, इंजिनाचे तेल, गिअरबॉक्सचे तेल, चाकांकडे शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचे तेल, वातानुकूलन यंत्रणा अशा प्रत्येकासाठी वेगळी सोय आहे. रेडिएटर म्हटले की हवा आत घेण्यासाठी तोंडे हवीत, आणि आत शिरलेली हवा गाडीला मागे खेचते. जास्त शक्तीसाठी रुंद टायर हवेत, आणि तेही हवेला अडवतात. एवढ्या वेगात गाडी जमिनीला धरून राहावी म्हणून मागे पंख हवा, आणि पंखाने गाडी खाली दाबली की विरोध आणखी वाढतो. एफ१ अरुंद, बुटकी आणि गुळगुळीत असल्यामुळे तिला हे चक्र सुरूच करावे लागले नाही.

वेरॉनने या चक्रातून काढलेला मार्ग मजेशीर आहे. नेहमीच्या स्थितीत ती ताशी ३७५ किलोमीटरच्या पुढे जात नाही. त्यापुढे जायचे असेल तर गाडी थांबवून चालकाच्या आसनाशेजारी एक वेगळी किल्ली फिरवावी लागते. मग गाडी जमिनीकडे आणखी खाली बसते, पुढची काही तोंडे झाकली जातात, पंख जवळजवळ आत ओढला जातो, आणि हवेचा विरोध कमी होतो. या अवस्थेत तिचे शंभर लिटरचे इंधन पूर्ण वेगाला सुमारे बारा मिनिटांत संपते. तेवढ्यात ती जेमतेम ऐंशी किलोमीटर गेलेली असते. खास या गाडीसाठी मिशेलिनने बनवलेले टायर त्या वेगाला पंधरा मिनिटे टिकतील असे गणित होते, त्यामुळे इंधन आधी संपणे ही एका अर्थाने सुरक्षेची सोयच झाली. टायरांचा प्रश्न का येतो हे एका आकड्यावरून कळते. त्या वेगाला टायरच्या बाहेरच्या कडेवरचे रबर गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन हजारपटींहून अधिक जोराने बाहेर फेकले जाऊ पाहते. खाचेत अडकलेला एक ग्रॅमचा खडा तेथे साडेतीन किलोंच्या वजनासारखा ओढ घेतो.

ब्रेकचा विचार करतानाही हाच दोन वृत्तींचा फरक दिसतो. गाडी थांबवणे म्हणजे तिची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलणे. चालकासह धरले तर आपापल्या कमाल वेगाला वेरॉनकडे एफ१ च्या पावणेदोनपटींहून अधिक ऊर्जा असते. म्हणून वेरॉनला कार्बन सिरॅमिकच्या तबकड्या दिल्या आहेत, आणि जोरात ब्रेक दाबला की मागचा पंख उभा राहून वाऱ्याच्या भिंतीसारखा काम करतो. ती पूर्ण वेगावरून दहा सेकंदांच्या आत थांबते. एफ१ मध्येही ब्रेक लावताना मागची छोटी पट्टी वर येते, पण पायाच्या जोराला मदत करणारी यंत्रणा नाही, चाके अडकू नयेत म्हणून लावतात ती एबीएस यंत्रणा नाही, स्टिअरिंग हलके करणारी सोय नाही, चाके घसरू लागली तर शक्ती आवरणारा इलेक्ट्रॉनिक रखवालदारही नाही. हे सगळे तेव्हा उपलब्ध नव्हते असे नाही. मरे यांना ते वजन वाढवणारे आणि चालक व रस्ता यांच्या मध्ये येणारे वाटले.

एफ१ मधून काय काय वगळले याची यादी मोठी असली, तरी जे ठेवले त्यावर केलेला खर्च पाहण्यासारखा आहे. रस्त्यावरच्या गाडीचा संपूर्ण सांगाडा कार्बन फायबरचा असण्याचे हे पहिले उदाहरण मानले जाते. इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला आहे, कारण सोने उष्णता उत्तम परतवते. सजावटीचा तेथे काही संबंध नाही. गाडीत रेडिओ नव्हता, पण खास हलका बनवून घेतलेला सीडी प्लेअर होता. चालकाचे आसन मधोमध, किंचित पुढे, आणि दोन्ही बाजूंना मागे एकेक प्रवासी. मध्ये बसल्यामुळे चालकाला दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पाय तिरके ठेवावे लागत नाहीत, आणि एकट्याने गाडी चालवताना भाराचा तोल ढळत नाही. आत शिरताना मात्र थोडी कसरत करावी लागते.

एफ१ शर्यतीसाठी आखलेली नव्हती, तरी मालकांच्या आग्रहामुळे तिची शर्यतीची आवृत्ती निघाली आणि १९९५ मध्ये तिने ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. पहिल्या पाचांत चार एफ१ होत्या. नियमांनुसार इंजिनात जाणारी हवा मर्यादित केल्यामुळे शर्यतीच्या त्या गाड्यांची शक्ती रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कमी होती, हे विशेष. वेरॉनचे नाव ज्या प्येर वेरॉन या चालकावरून ठेवले, त्याने १९३९ मध्ये बुगाटीतूनच ले मान्स जिंकले होते, पण त्याच्या नावाची ही गाडी शर्यतीत उतरली नाही.

वेरॉनला वजनदार म्हणून हिणवण्याची पद्धत आहे, आणि मला ती अन्यायाची वाटते. खुद्द मरे यांनी गाडी येण्यापूर्वी या कल्पनेवर कडक टीका केली होती. चालवून पाहिल्यावर मात्र तिच्या अभियांत्रिकीची प्रशंसा केली. हलकी गाडी बनवणे कठीण असते, पण हजार अश्वशक्तीची गाडी पावसात, गर्दीत, कोणत्याही सरासरी चालकाच्या हाती निर्धास्तपणे देता येणे हेही तेवढेच कठीण आहे. तरीही दोघींपैकी थोर कोण असे विचारले तर मी एफ१ चे नाव घेईन. वेरॉनची प्रत्येक अडचण पैसा आणि माणसे यांच्या बळावर सोडवलेली दिसते; एफ१ मध्ये अडचण उद्भवूच नये अशी मांडणी केलेली दिसते. बाजारानेही असाच कौल दिला आहे, जरी त्यात दुर्मीळतेचा वाटा मोठा आहे. सर्व आवृत्त्या मिळून १०६ एफ१ बनल्या, तर वेरॉन ४५०. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात एक एफ१ दोन कोटी चार लाख पासष्ट हजार डॉलरला विकली गेली. एवढ्या किमतीच्या या गाड्यांच्या देखभालीसाठी कंपनीला कॉम्पॅकचे १९९० च्या दशकातील लॅपटॉप बरीच वर्षे जपून ठेवावे लागले, कारण गाडीशी बोलणारे कार्ड दुसऱ्या संगणकात चालत नव्हते.

दोन्ही गाड्यांचे वारस आता आले आहेत. मरे यांच्या स्वतःच्या कंपनीची टी.५० ही गाडी एफ१ चीच कल्पना पुढे नेते. चालक मधोमध, हाताने बदलायचे गिअर, टर्बो नसलेले बारा सिलिंडर आणि वजन हजार किलोंच्या आत. बुगाटीने २०२४ मध्ये टूरबियाँ ही गाडी सादर केली, आणि तिच्यात चारही टर्बो काढून टाकले. सोळा सिलिंडरांचे नवे इंजिन हवा स्वतःच ओढते, आणि त्याच्या जोडीला इलेक्ट्रिक मोटर देऊन एकूण शक्ती १,८०० अश्वशक्तीवर नेली आहे. ही दोन्ही इंजिने इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनच्या कॉसवर्थ या एकाच कंपनीने विकसित केली आहेत.